काचेवरचा थेंब

[ब्रह्मपुरी, १९८४ चा हिवाळा. भाड्याच्या खोलीत खिडकीशी टेबल; टेबलावर कॉलेजातून सुटीपुरता आणलेला सूक्ष्मदर्शक. बाहेर ओसरीवर श्रीहरीची आई गिरजाबाई.]

वच्छला : मंग लावा ना डोळा. आता ऊन चांगलं हाय, जराकानं निंबामागं जाते.

श्रीहरी : थांब, वच्छला. काच नीट बसली आहे का, ते पाहतो.

वच्छला : तीनदा बसवली तुमी. काच बसली, तुमीच बसून नाई राह्यले.

श्रीहरी : नमुन्याची शिशी मी काखेत धरली होती. गार व्हायला नको होती ती.

वच्छला : घाम फुटला हाय तुमाले. गार कायची होते.

श्रीहरी : बुधवारी मला जर्मनीला निघायचं आहे. दोन वर्षांचं संशोधन संपवून परत आलो, की आपण नागपूरला जाऊ. माझी तपासणी तिथेच रीतसर होईल. आज एवढी घाई का?

वच्छला : दोन वर्सानं मी या घरात असन का? तुमच्या मायनं माह्या भावाले निरोप धाडला. बिरजू येऊन राह्यला मले न्याले.

श्रीहरी : मी येईपर्यंत तू माहेरी राहावंस, एवढंच आई म्हणाली.

वच्छला : तुमाले जसं काई समजतच नाई. लेकरू नसलेली बाई गठुडं घेऊन माहेरी गेली, का तिले आनाले कोनी येत नाई मंग. बाजूच्या आशाबाईच्या ननंदेले आनलं कोनी? तुमी तिकडून येसाल, तवा चुलीपाशी दुसरी बसली असन.

श्रीहरी : असं मी होऊ देईन?

वच्छला : तुमी होऊ देत नाई. तुमी गप राहता.

गिरजाबाई (बाहेरून) : अगे वच्छला, गठुडं बांधलं का? बिरजूची जीप येईन आता.

वच्छला : बांधतो, माय! ...नागपूरच्या डाक्टरीनबाईनं मले तपासलं. तुह्यात काई खोट नाई म्हने, आता नवऱ्याले घेऊन ये. तवा तुमी लेणीतल्या वटवाघळाकडं गेले. जंगलातल्या साऱ्या नराचं पायता तुमी, घरातल्याचं कोन पायन?

श्रीहरी : जर्मनीत जाऊन मी काय शोधणार आहे, ठाऊक आहे तुला? वटवाघळाची मादी नराचं बीज हिवाळाभर पोटात जिवंत राखते. ऋतू आला, की मगच गर्भ धरते. ते बीज इतके महिने कशाच्या आधारावर जगतं, हे अजून कुणाला नीटसं उमगलेलं नाही. लेणीत अंधारात बसलेलो असताना मला कधीकधी त्या मादीचा हेवा वाटतो. तिच्या वाट पाहण्याला शेवट असतो.

वच्छला : तिच्यापाशी राखाले काईतरी असते जी.

श्रीहरी : काच पुन्हा एकदा बसवून पाहतो.

वच्छला : सरका. मीच पायतो.

श्रीहरी : तू?

वच्छला : त्या दिवशी वटवाघळाचं दावलं नोतं का मले? कोनतं चाक फिरवाचं, मालूम हाय.

श्रीहरी : लहान चाक. हळूहळू फिरव.

वच्छला : नुसतं धुकं हाय. ...हां. झालं साफ.

श्रीहरी : काय दिसतं?

वच्छला : त्या दिवशी कशी लगबग होती ना. नागभीडच्या बजारावानी. कोनाले कोनाची सुध नोती.

श्रीहरी : आणि आता?

वच्छला : बजार उठला.

श्रीहरी : सरक.

वच्छला : नोका पाहू तुमी. थंडीनं असन.

श्रीहरी : सरक, वच्छला. ...या बाजूला काही नाही. इकडेही नाही. एकही नाही. मेलेलंसुद्धा नाही.

वच्छला : काचच खराब असन. सांगा ना तसं. मी मानतो.

श्रीहरी : काच स्वच्छ आहे. मी स्वतः धुतली आहे.

गिरजाबाई (बाहेरून) : आला वो बिरजू! चाल वच्छला, जीप नाक्यावर थांबली हाय.

वच्छला : जातो मी. कोनाले काई सांगू नोका. तुमाले मोठी जागा भेटली, हसऱ्या तोंडानं जा. मले लोक बोलतेत, त्याची सवय हाय.

श्रीहरी : ते गठुडं खाली ठेव.

वच्छला : कायले आता?

श्रीहरी : ठेव म्हटलं ना. ...माय! आत ये जराशी.

गिरजाबाई : काय रे? बिरजू उभा हाय तिकडं.

श्रीहरी : त्याले चहा पाज अन् वापस धाड. वच्छला कुठी नाई जात.

गिरजाबाई : काऊन? सारं ठरलं होतं ना.

श्रीहरी : खोट तिच्यात नाई, माय. माह्यात हाय. आत्ताच पायलं मी, या डोळ्यानं. मी येऊस्तोवर वच्छला याच घरात राहीन. अन् मी आल्यावर बी.

गिरजाबाई : हळू बोल, बापा. भिंतीपल्याड आशाबाई हाय.

श्रीहरी : वच्छलाचं सांगतानी तू कधी हळू बोलली का?

गिरजाबाई : ...बिरजूले काय सांगू मी आता?

श्रीहरी : तू नोको सांगू. मी जातो त्याच्यापाशी.

वच्छला : जा तुमी. पन ते काच पुसू नोका इतक्यात. मी अजून एक डाव पायतो.