मागच्या सीटवर बसून

शहाद्याच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत माझ्या शेजारी दोघे बसले होते. एक कापडदुकानाचे शेठ, दुसरे कळसाडीचे शेतकरी.

“पितांबरभाऊ, मायनी कंबर आते कशी शे?”

“बरी शे, शेठ. ऑपरेशननंतर खरा तरास गाडीनाच व्हता. गाडी उभी ऱ्हायनी की इंजिन थरथरे, अन् माय कळवळे.”

“प्लग बदलात का?”

“प्लग, फिल्टर, बठ्ठं बदलं. मंग नूतनताईना गॅरेजले गऊ.”

“बाई मेकॅनिक?”

“हां. तिनी खाले लाकूड ठेईसन जॅकनी चालू इंजिन जराखं उचलं. थरथर थांबनी. म्हने, इंजिन ज्या रबरवर बठस, ते फाटेल शे.”

“रबर बदलं, काम व्हयनं.”

“नही ना. माय कोठे बठस ते तिनी इचारं, अन् तठेच मागनी सीटवर डोया मिटीसन बठनी. म्हने, आठे अजून हालस. परत खाले गयी, बोल्ट ढिल्ला करीसन इंजिन नीट बसाडं. असं तीन येळा.”

“एवढं कोन करस?”

“काल रेल्वे फाटकवर आम्ही थांबनूत. मायनी इचारं, गाडी बंद का करी? मी म्हनं, चालूच शे, माय.”