आबांनी पुजलेला पाना

आमी मूळचे तामलवाडीचे सुतार. निजाम गेला तरी आमचं बलुतं तसंच चालू व्हतं, साऱ्या गावाच्या मोटंची चाकं आमच्या वडलांच्या, आबांच्या हातची, अन् चाक असं करायचे की विहिरीवर फिरलं की बाया चुलीपुढं बसून आवाजावरनं वळखायच्या, व्हय, हे आबांचंच. लई मानाचा माणूस, काय सांगू तुमाला.

मग इंजनं आली. नळदुर्गाला हैदराबाद सडकंला एक शेटजी इंजनं विकायचा, त्यो मला म्हणला, सुताराच्या पोरा, मिस्त्री म्हून ये माझ्याकडं, पगार देतो. म्या तर इंजनावर आधीच भुललो व्हतो, बैलांनी दिसभर वढायचं ते पाणी हे धुराडं भकाभक वर फेकायचं. अन् आपली माणसं कशी बघा, सोमवारी बैल जुपत न्हाईत म्हून सोमवारी इंजनालाबी इसावा! शेटजी कपाळाला हात लावायचा.

पण घरी सांगू कसं? जेवढी इंजनं म्या बसवणार तेवढी आबांची चाकं उतरणार, म्हंजे बापाच्याच पोटावर पाय. त्यात म्या बसवायचं पैलं इंजन आमच्याच पाटलाच्या विहिरीवर बसायचं व्हतं. शेटजीला हो म्हणलो, अन् त्यानं दिलेला नटबोल्ट आवळायचा पाना घरी माळ्यावर लपवून ठेवला.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजत्यात. आबांनी लाकूड तासायचा वाकस, करवत, पटाशी धुऊन पाटावर मांडली अन् मला म्हणले, तुझं हत्यार कुठं हाय? म्या खाली वाकून पाट सारका करू लागलो. तर म्हणले, अरं पाटलानं कवाच सांगितलं मला, आण जा. आणला. त्यांनी पाना धोतरानं पुसला, आपल्या वाकसाशेजारी ठेवला, हळदकुंकू वाहिलं. आई पदर डोळ्याला लावून हुबी. म्या म्हणलं, आबा, तुमच्या चाकाचं काय? म्हणले, लेकरा, चाक पाण्यासाठी व्हतं, पाणी चाकासाठी न्हाय. अन् पाटलाच्या विहिरीवरचं चाक त्यांनी सोता उतरवलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाय.

पुढं विजंच्या मोटारी आल्या, माझं इंजनाचं काम गेलं. म्या लई दिवस घरात कुणाशी धड बोललो न्हाय, जेवणावर राग काढला. तवा कळलं, आबांनी त्या खंडेनवमीला केवढं गिळलं व्हतं, अन् वर मला पोटभर जेवू घातलं व्हतं. आई भवानीनं असा बाप समद्यांना द्यावा.