हरलेल्या कुस्तीचा कागद

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली कोल्हापूरच्या स्टँडवर कुरुंदवाड गाडीच्या रांगेत अरुणा उभी होती. पुढं शाहूपुरीतले साठीचे शिंपी फक्रुद्दीन आणि कुरुंदवाडचा शेतकरी वर्धमान. दोघांची ओळख रांगेतच झालेली. त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“पावणं, कुरुंदवाडात कुणाकडं?”

“चौगुल्यांकडं. बाबालाल पैलवानाच्या कुस्तीचा जाहिरातीचा कागद हाय तिथं, फोटूचा. त्याच्या बाकीच्या समद्या कुस्त्यांचे कागद मी जमवल्यात. ह्यासाठी ही चौथी खेप.”

“त्यो तर पेटीच्या झाकणाला आतनं चिकटवलाय. काढाय गेलासा तर फाटंल.”

“म्हणून आज पेटीच मागणार हाय.”

“पर त्या मैदानात बाबालाल हरलाता की, चाचा.”

“व्हय. म्हणून तर पायजे.”

“हरलेल्या कुस्तीचा कागद कशाला?”

“जितला की त्याला खांद्यावर मीच घ्यायचो. त्या दिवशी त्यो एकटाच चालत गाडीपर्यंत आला. कानातनं रगात येत होतं. मी त्याच्या मागच्या बाकड्यावर बसलोतो. एक शबुद बोललो न्हाय.”

“मग?”

“पुन्यांदा त्यो आखाड्यात उतरलाच न्हाय. औंदा वारला.”

गाडी लागली, तशी रांग पुढं सरकली.

“चौगुल्यांनी पेटी न्हाय दिली तर?”

“पाचव्यांदा यीन.”

“लोखंडी पेटी हाय, चाचा, एकट्याला उचलायची न्हाय. मी येतो संगं. एक कडी मी धरतो.”