रोडग्यांचा वास

पुंजाजी : नाक? नाक एकदम ठनठनीत हाय, डाक्टरसायेब. मी तं घोरन्यासाठी आलो. हिची झोप होत नाई मनते.

वच्छलाबाई : घोरन्यासाठी कोनी वरवट बकालहून बुलढान्याले येते का बाप्पा? गाडीनं शेगाव, तठून आगीनगाडीनं मलकापूर, आन मंग ते मोटर. घाटात माह्यं सारं पोट वर आलं. सायेब, याईले वास येत नाई. दीड साल झालं.

पुंजाजी : येते.

वच्छलाबाई : नाई येत.

डॉ. वहाब : थांबा, थांबा. नाक एक आणि सांगणारे दोन. ताई, तुम्ही बसा त्या बाकावर. पुंजाजीभाऊ, तोंड मिटून नुसत्या नाकानं श्वास घ्या बरं.

पुंजाजी : घेतो ना... हं... हं... थोडसं चोंदलं हाय आज. थंडी पडून राह्यली ना.

वच्छलाबाई : उन्हायातही चोंदलेलंच होतं.

पुंजाजी : तू गप बस व जराशी!

डॉ. वहाब : बोलू द्या त्यांना. अर्धी दवा तर घरच्या माणसाच्या बोलण्यातूनच सापडते. ताई, तुम्हाला केव्हा कळलं?

वच्छलाबाई : दूध उतू गेलं, जयलं, सारं घर भरलं त्या वासानं. हे चुलीपासी बसून बिडी वढत होते. मी परसातून पयत आली, आन हे मले इचारते, काऊन पयतं मनून!

पुंजाजी : माह्यं ध्यान नव्हतं.

डॉ. वहाब : होतं असं. आणि कामधंदा काय तुमचा?

पुंजाजी : शेती. पन गावात मले वळखते ते आरासाठी. चंपाषष्ठीले आमच्याकडं खंडोबाले भरीत-रोडगा असते. साऱ्या गावाचे रोडगे एकाच जागी भाजते. गोवऱ्या पेटवून त्याईच्या निखाऱ्याईचा आर करा लागते, त्याच्यात ते कनकीचे गोये पुरा लागते. माह्या आज्यापासून आमच्याच घरचा मानूस आरापासी बसते. तीनशे-चारशे रोडगा असते सायेब, मजाक नाई.

डॉ. वहाब : वा! मीही खाल्लाय एकदा, मेहकरला. तूप ओतून. पण मग एवढे रोडगे भाजले की नाही, हे समजतं कसं? एखादा फोडून बघत असाल?

पुंजाजी : निवदाच्या आंधी? राम राम राम!

वच्छलाबाई : देवाच्या आंधी फोडाचं नाई आन चाखाचं नाई, सायेब. तसाच निवद दाखवा लागते.

डॉ. वहाब : माफ करा. मग?

पुंजाजी : वासानं. कच्चा असला तं वल्ल्या पिठाचा वास येते. भाजत आला का खरपूस येते. त्याच्यावर घडीभर जास्त झाली का करपट. हे तीन वास ज्याले समजले त्यानं आरापासी बसावं. बाकीच्यानं पंगतीत.

डॉ. वहाब : आणि गेल्या साली?

पुंजाजी : गेल्या सालचं तुमाले कोनं सांगतलं?

डॉ. वहाब : कुणी नाही. ताई म्हणाल्या, वास जाऊन दीड साल झालं, म्हणून विचारलं. आणि मी 'गेल्या साली' म्हटल्यावर तुम्ही खाली बघितलंत, एवढंच.

पुंजाजी : गेल्या साली गोवऱ्या वल्ल्या होत्या.

डॉ. वहाब : बरं.

पुंजाजी : किसनरावानं देल्ल्या होत्या. लहानपनापासूनचा दोस्त. एका ताटात जेवलो आमी. आन त्यानं मले वल्ल्या गोवऱ्या देल्ल्या! अर्धे रोडगे कोयसा, अर्धे आतून गिच्च. मी खंडोबापुढं कोयसा ठेवला सायेब. माह्या हातानं. मंग पारावर बोललो त्याले, साऱ्या गावासमोर. नाई नाई ते बोललो.

डॉ. वहाब : तो काय म्हणाला?

पुंजाजी : काय मनते? मान खाली घातली. हाव मने, वल्ल्या होत्या, चुकलं माह्यं. तवापासून मी त्याच्या वट्ट्यावर पाय नाई ठेवला. यंदा काही पोट्टे मनून राह्यले, आरापासी दुसरा मानूस बसवा. मी मनलं, मानूस नका बदलू, गोवऱ्या बदला.

डॉ. वहाब : ताई, तुम्ही काही म्हणत होतात?

वच्छलाबाई : नाई सायेब. मी कुठी काय मनलं.

डॉ. वहाब : ठीक. पुंजाजीभाऊ, आराच्या धुराचा वास येतो?

पुंजाजी : येते तं! डोये चुरचुरते, नाकात झनझन होते, घसा धरते. वास नसता येत तं हे झालं असतं का?

डॉ. वहाब : चला, बघूच. डोळ्यांवर हा रुमाल बांधतो. या चार शिश्या आहेत. डावी नाकपुडी बोटानं दाबा. एकेक शिशी उजवीखाली धरीन, काय आहे ते सांगायचं. नंतर तसंच डावीचं.

पुंजाजी : पोट्ट्याईचा खेय लावला तुमी.

डॉ. वहाब : ही पहिली.

पुंजाजी : हट्! नवसागर-चुना! डोक्यात गेला पार.

डॉ. वहाब : बिलकूल बरोबर. दुसरी.

पुंजाजी : कापूर. थंडगार लागला. पाय, ऐकून राह्यली का व? दोन्ही बरोबर!

वच्छलाबाई : ऐकून राह्यली.

डॉ. वहाब : तिसरी.

पुंजाजी : हे खाली हाय.

डॉ. वहाब : नीट घ्या. लांब श्वास.

पुंजाजी : खालीच हाय सायेब. काही नाई याच्यात.

डॉ. वहाब : चौथी.

पुंजाजी : पानी. मले बनवून राह्यले तुमी. पान्याले काय वास असते?

वच्छलाबाई : अवो, ते घासलेट हाय! मले अठी बाकावर वास येऊन राह्यला, तुमी पानी मनता?

पुंजाजी : काढा हा रुमाल. काढा. द्या इकडं ते शिशी... तिसरीत काय होतं?

डॉ. वहाब : गुलाबाचं अत्तर. अस्सल. ईदला काढतो मी.

पुंजाजी : पन मले नवसागर समजला. कापूर समजला!

डॉ. वहाब : समजला, कारण तो झोंबला. पुंजाजीभाऊ, नाकात दोन वाटा असतात. झोंबणं, चुरचुरणं, थंड लागणं ही एक वाट. वास ही दुसरी. पहिली तुमची धडधाकट आहे, दुसरी बंद. विलायतेहून माझ्याकडं एक वैद्यकीचं मासिक येतं. हल्ली तिकडचे डॉक्टर यावर पुष्कळ लिहितात. एकेक नाकपुडी वेगळी तपासतात आणि झोंबणाऱ्या वस्तू वेगळ्या काढतात. कारण माणूस स्वतःच फसतो. धूर झोंबतो, त्याला वाटतं वास आला. यात तुमचा खोटेपणा नाही.

पुंजाजी : मंजे आरापासी मी... नुसता धूर खात बसलो होतो?

डॉ. वहाब : आता मान मागं करा. हा दिवा धरतो... हां. हे काय! दोन्ही बाजूंना. ताई, बघायचंय? सोललेल्या द्राक्षांसारखे मऊ मऊ गोळे. सर्दी वर्षानुवर्षं मुरली की असे वाढतात. वासाचं दार वर आहे आणि हे बसलेत मधे, जिन्यात.

वच्छलाबाई : निंगते का सायेब हे?

डॉ. वहाब : निघतात. बधिर करायचं औषध लावतो आणि तारेच्या फासानं एकेक धरून ओढतो. श्वास मोकळा होईल, घोरणंही थांबेल. त्यासाठीच आला होतात ना? वासाचं मात्र वचन देत नाही. येईल, अर्धा येईल, कदाचित नाहीही येणार.

पुंजाजी : चंपाषष्ठीले तीन हप्ते राह्यले.

डॉ. वहाब : म्हणून तर उद्याच करू. आणि परत जायचं नाही लगेच, इथंच राहा.

वच्छलाबाई : माह्या भावाचं घर हाय अठी. कचेरीत पट्टेवाला हाय तो.

पुंजाजी : सायेब, एक इचारू? मंग त्या गोवऱ्या... कोरड्या होत्या का?

डॉ. वहाब : ते मी कसं सांगू? मी नाक तपासलं. गोवऱ्या काही माझ्या टेबलावर आल्या नाहीत.

पुंजाजी : नाई, वल्ल्याच असतीन. त्यानं कबूल केलं ना. करनाऱ्यानं कबूल केलं तं मंग... नाक बंद असन, गोवऱ्याही वल्ल्या असतीन. दोन्ही असू शकते. का व?

वच्छलाबाई : चला. भाऊ वाट पायत असन.

(दुसऱ्या दिवशी पुंजाजीच्या नाकातून सात गोळे निघाले. त्यानं खुर्चीचे हात असे धरले होते की खुर्चीच ओरडेल असं कंपाउंडरला वाटलं. पुढं पंधरा दिवस त्यानं मेहुण्याच्या ओसरीवर बसून काढले. घोरणं पहिल्याच आठवड्यात थांबलं आणि घरची माणसं सुखानं झोपू लागली, पण त्याचा स्वतःचा डोळा लागत नव्हता. पारावर किसनरावानं खाली घातलेली मान त्याला अंधारात दिसायची. सोळाव्या दिवशी सकाळी दोघं पुन्हा दवाखान्यात आली, आणि वच्छलाबाईच्या काखेत एक फडक्याचं गाठोडं होतं.)

डॉ. वहाब : डावी दाबा. ही कोणती?

पुंजाजी : थांबा... सांगू नका... गोड हाय. हे तुमचं ईदचं अत्तर हाय.

डॉ. वहाब : शाबास! आता उजवी दाबा.

पुंजाजी : अठी काही नाई. जरासं... नाई, काही नाई.

डॉ. वहाब : हरकत नाही. डावीला वेळ लागेल, कदाचित राहीलही तशीच. आणि हे गोळे पुन्हा उगवू शकतात, तेव्हा सहा महिन्यांनी तोंड दाखवायचं. पण उजवी उघडली, पुंजाजीभाऊ. मला वाटलं होतं त्यापेक्षा छान उघडली.

वच्छलाबाई : सायेब, माह्यं एक काम होतं. तो रुमाल परत बांधता का याईच्या डोयाले?

पुंजाजी : कायले?

वच्छलाबाई : बांधू द्या ना. हं. आता घ्या याचा वास.

पुंजाजी : रोडगा! अवं, रोडगा हाय हा! कुठून आनला तुनं?

वच्छलाबाई : पहाटे भाजले, भावाच्या अंगनात. सांगा कसा हाय ते.

पुंजाजी : कच्चा. आतून पीठ हाय अजून. दुसरा दे... हा करपला. एका अंगानं करपला, निस्ता करपट वास येऊन राह्यला. तिसरा... हा... हा झाला. असाच पाह्यजे. असाच असते.

डॉ. वहाब : पुंजाजीभाऊ, रुमाल ओला होतोय माझा.

पुंजाजी : होऊ द्या सायेब. दुसरा घेऊन देतो तुमाले. दीड सालात मी जेवलो नाई, निस्तं पोट भरलं... पन थांब. चौथाही हाय का तुह्यापासी?

वच्छलाबाई : हाय. घ्या.

पुंजाजी : याले धुराचा वास हाय. धूर धरला याले. गोवरी वल्ली होती का?

वच्छलाबाई : हाव. मुद्दाम पान्याचा हात मारला होता तिले.

पुंजाजी : मंग बरोबर. वल्ल्या गोवरीचा आर असला का कनकीले धूर धरतेच. तूप टाका का काही टाका, तो वास जात नाई. पंगतीतलं लेकरूही सांगन.

वच्छलाबाई : गेल्या सालच्या रोडग्याले कोनं सांगतला धुराचा वास?

पुंजाजी : कोनं...

वच्छलाबाई : करपले मनलं लोकाईनं. कच्चे मनलं. धुराचं कोनी मनलं का? आठवून पाहा.

पुंजाजी : नाई. कोनीच नाई मनलं.

डॉ. वहाब : मी बाहेर जाऊ का थोडा वेळ?

वच्छलाबाई : बसा सायेब. तुमच्यासमोरच बोलते, घरी बोलाची हिंमत नाई होनार माही. अवो, कोरड्या होत्या त्या गोवऱ्या. किसनभावजींनं दिवाईपासून माचीवर ठेवल्या होत्या, वरून ताडपत्री टाकून.

पुंजाजी : मंग कबूल काऊन केलं त्यानं? साऱ्या गावासमोर?

वच्छलाबाई : त्याईले त्याच दिवसी समजलं होतं. आरापासी करपट वास सुटला, तुमी मस्त बसून होते. ते धावत आले, तं तुमी हात धरला त्याईचा, मनले अजून येळ हाय. तवा समजलं त्याईले. पारावरून आले ते सीधे माह्यापासी आले परसात. मनले, वहिनी, पुंज्याचं नाक गेलं. हे गावाले समजलं तं त्याले आरापासी कोनी बसू देनार नाई. गोवऱ्या वल्ल्या होत्या मनू द्या. मले काय फरक पडते?

पुंजाजी : साल झालं. सालभर गाव हासलं त्याले. वल्ल्या गोवरीचा किसना मनते पोट्टे.

वच्छलाबाई : मनते. ऐकून घेते ते. मले खंडोबाची शपथ घातली होती, नाक बरं होईस्तोवर बोलाचं नाई. यंदा कचेरीच्या कामानं बुलढान्याले आले, तवा या डाक्टरसायबाचं नाव त्याईनंच ऐकलं. त्याईनंच मले येऊन सांगतलं.

पुंजाजी : मी त्याच्या नातवाच्या बारशालेही नाई गेलो, वच्छला.

डॉ. वहाब : पाणी घ्या. सावकाश. रडलं तरी चालतं, फक्त जोरानं नाक शिंकरू नका.

पुंजाजी : मलकापूरची मोटर कवा हाय?

डॉ. वहाब : अकराला. पण आणखी दोन दिवस थांबलात तर बरं.

पुंजाजी : नाई सायेब, चंपाषष्ठी पाचव्या दिवसी हाय. आर लावा लागन.

वच्छलाबाई : आंधी भावजीच्या घरी जाऊ. माफी मांगा त्याईची, घरात, चुपचाप. ते काही मनात ठेवनारे नाई.

पुंजाजी : घरात नाई. बोललो पारावर आन माफी घरात मांगू? माह्यं नाक बंद होतं, हे मी पारावरच सांगतो. मंग आरापासी बसवा नाई तं नका बसवू.

वच्छलाबाई : आन नाई बसवलं तं?

पुंजाजी : नाई बसवलं तं पंगतीत बसीन. त्याच्या बाजूले.

वच्छलाबाई : त्याईले काय मनसान पन?

पुंजाजी : मनीन, किसना, यंदा वीस टोपले गोवऱ्या लागते. तुह्याच पाह्यजे.