घाटाअलीकडचं कटआउट

— न्हाई भाऊ, बॅटरीला काय झालं न्हाई, डायनामोबी चांगलाय. कटआउट जळलंय तुमच्या जीपचं — डायनामोची वीज बॅटरीत सोडनारी ती काळी डबी. मला कसं ठावं? मिस्त्रीची बायको हाय मी, चहा उकळता उकळता हेच कानावर पडतं. आमच्या गाडीला तसलंच नवं आनायला आमचे मालक सकाळीच नगरला गेलेत, येतील यष्टीनं. बसा.

ती कोपऱ्यातली जीप व्हय? आमचीच. मिल्ट्रीनं मोडीत काढल्याली. ह्यांनी नुस्ता सांगाडा आनला, आन वर्सानुवर्सं एकेक वस्तू जोडली. आता सगळं बसलंय — फकस्त कटआउट न्हाई. हुतं की. गेल्या म्हैन्यात दुष्काळी कामावर ती मनकर्णा, वरच्या आळीची — खडी फोडतानाच कळा सुरू झाल्या, मूल आडवं. कामावरच्या जीपमधी घालून नगरला निघाले, तर जीप हितंच दारात धूर काढून बंद. तुमच्यासारखीच. आन आमच्या गाडीला तवा चाकं न्हवती, न्हाईतर तीच काढली असती. ह्यांनी काय करावं — सरळ आपल्या गाडीचं कटआउट सोडलं, त्या जीपला बसवाय लागले. मी म्हनलं, एवढी खपून केल्याली गाडी, आता ती कधी चालायची? वर बघितलं न्हाई. म्हनले, "गाडी कशापायी केली मंग?"

मी पाना फुडं केला. — कशापायी म्हंजे? तसं काय न्हाई. साखर घालू का आनखी? — माझं पयलं बाळंतपन हुतं, भाऊ. करंजी घाटात बैलं निम्म्यात आली आन मंग नगरला जायचं कामच उरलं न्हाई. ह्यांनी बैलं तिथूनच माघारी वळवली. रस्ताभर बोलले न्हाईत, नंतरबी कधी न्हाईत. दिवाळीच्या आत सांगाडा दारात. मला वाटलं, मानसाला गाडीचा नाद लागला. मनकर्णाच्या त्या दिवसापत्तुर मी तेच समजत हुते.

मनकर्णा? बरी हाय की. मुलगी झाली. बाजारच्या लोकांनी धक्का मारला, जीप चालू झाली, घाट चढून गेली. हे रस्त्यात उभं राहून आवाज ऐकत हुते — ऐकू येईना तरी उभेच.

ती बघा यष्टी. उतरले. हातात एकच डबी दिसतीय — आमच्या गाडीसाठी आनल्याली. तुमच्याच जीपला बसवतील, तुमाला देवी टोचत गावोगाव फिरायचंय. तुमी नको म्हनू नका, त्यांना आवडत न्हाई. आन घाटाचं तर काढूच नका. कप ऱ्हाऊ द्या तिथं. जा, बॉनेट उघडा.