बेलवलीतला पाचवा फाउल

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शाळा आठवीतच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

बदलापुरात, बेलवलीतल्या बास्केटबॉल फायनलला मी रेफरी होतो. समोर उल्हासनगरची टीम, पब्लिक सगळं आपलं बदलापूरचं. शेवटच्या मिनिटाला बदलापूर एका गुणाने मागे. उल्हासनगरच्या कॅप्टनचे, जितूचे, चार फाउल झालेले. पाचव्याला तो बाहेर जाणार होता. आमच्या पोराने बॉल घेऊन बास्केटकडे उडी मारली. जितू नुसते हात वर करून उभा होता. पोरगा पडला आणि पब्लिक ओरडलं, "फाउल! शिट्टी काय शोभेला घातलीस का रे?"

ओरडा आधी झाला, माझी शिट्टी नंतर वाजली. जितू बाहेर गेला आणि दोन फ्री थ्रोवर आपण जिंकलो.

निघताना तो जवळ आला. "भाई, सच बोल, हात लगा था क्या?"

मी शिट्टी खिशात टाकली. लोक माझी पाठ थोपटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उल्हासनगरला, जितू काम करतो त्या जीन्सच्या कारखान्यात गेलो. हळू बोललो, पण मशिनींच्या धडधडीत त्याला ऐकूच गेलं नाही. मग सगळ्या कारागिरांसमोर ओरडून सांगितलं, "हात लागला नव्हता. मी पब्लिकला घाबरलो."