शरणम्माचा उजवा गुडघा

(बीदर, २००९. उगादी होऊन आठवडा झालेला. गुंतवणूक सल्लागार श्रीशैल यांचं दोन खोल्यांचं ऑफिस. बाहेरच्या बाकड्यावर जवळच्या कमठाणा गावची माणसं दाटीवाटीनं बसली आहेत. सत्तरीची शरणम्मा त्यांना ओलांडून आत आली आहे. कॉम्प्युटरपाशी सुधारानी, गुलबर्ग्याची मुलगी, ऑफिसचं टायपिंग सांभाळणारी.)

शरणम्मा : ते काई सांगू नगंस. माझा गुडघा तू गावाला वाटलासच कामून?

श्रीशैल : अक्का, आधी बसा की. पानी घ्या.

शरणम्मा : बसत न्हाई. बसले की उठताना तरास होतोय, आन मी उठाय लागले की बाहीरची समदी माझ्या गुडघ्याकडं बघायलेत.

श्रीशैल : पर झालंय काय?

शरणम्मा : उगादीचं पत्र. दरसाल तू मला धाडतूस. ‘शरणम्मा अक्का, शरणु. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? काळी म्हैस व्याली का? तब्येत जपा. तुमचा, श्रीशैल.’ चौदा वर्सं मला येकलीला यायलंय. औंदा पोस्टमन पोतं घेऊन आला. मल्लव्वाला तेच, निलम्माला तेच. नाव तेवढं ज्याचं त्याचं, गुडघा माझा.

सुधारानी : नाव आपोआप बदलतं, आज्जी. गुडघा बदलत नाही. त्याच्यासाठी वेगळी जागा ठेवलेली नाही.

श्रीशैल : सुधारानी, तू थांब जरा.

सुधारानी : थांबते सर. पण बाहेरच्यांचं लिहून कोण घेणार? सकाळपासून हेच चाललंय. एकेक जण येतो, चप्पल काढतो, धोतर वर करतो आणि गुडघा दाखवतो.

श्रीशैल : मला कामून दाखवायलेत?

शरणम्मा : कामून म्हंजे? पत्रात इचारलंस की. बीदरचा शिकलेला माणूस तिकीट लावून इचारतोय, आन आमी गप बसायचं व्हय?

सुधारानी : ज्यांचा दुखत नाही तेसुद्धा लंगडत येतात. एक म्हातारे म्हणाले, एवढ्या आस्थेनं विचारलंय, बरा आहे म्हणून कसं तोंडावर सांगू? चंद्रम्मा म्हणून बाई आहेत, त्यांचा डावा दुखतो. चालेल का, असं विचारत होत्या. मी त्यांच्यासाठी नवीन रकाना केला.

शरणम्मा : गुरुशांतप्पानं तर म्हैस इकत आनली. हुमनाबादच्या बाजारातनं. त्याच्या घरात कंदी शेळी बांधली नव्हती. म्हनतोय, फुडच्या सालाला पत्र आलं तर काय तोंड दाऊ?

श्रीशैल : सुधारानी, हे पत्र माझ्या खाजगीत हुतं ना?

सुधारानी : होतं सर, तुमच्या पर्सनलमध्ये. पण जानेवारीत हैदराबादहून हेड ऑफिसचा मेल आला. प्रत्येक सल्लागारानं आपले चांगले टेम्प्लेट शेअर्डमध्ये टाकावेत, म्हणजे सगळ्यांना वापरता येतील. तुमच्या पर्सनलमध्ये तेवढं एकच होतं. मी विचारलं, तुम्ही न बघता ‘हौ’ म्हणालात. मग उगादीला तुमच्या सगळ्या ग्राहकांना तेच गेलं.

शरणम्मा : टेम्प्लेट काय असतंय?

श्रीशैल : साचा, अक्का.

शरणम्मा : शेवंचा?

श्रीशैल : तसलाच. साचा यकदा केला की नाव घालायचं, दाबायचं, पत्र पडतंय. ह्या यंत्रात दोन कपाटं हायत बगा. येक माझं. त्यातलं मला येकट्यालाच दिसतंय. दुसरं सगळ्यांचं. त्यातलं भालकी, हुमनाबाद, गुलबर्गा, जिथं जिथं आमच्या कंपनीचा सल्लागार बसलाय तिथं तिथं दिसतंय. कुनीबी उचलायचं, आपल्या गिऱ्हाईकाला धाडायचं.

शरणम्मा : म्हंजे कमठाण्याच्या भाईर बी गेलाय माझा गुडघा?

श्रीशैल : थोडा.

सुधारानी : गुलबर्ग्यात एक रिटायर्ड प्रिन्सिपल आहेत. तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांनी कळवलंय, म्हैस नाही, पण मिसेसनी पोपट पाळलाय आणि त्याचं उत्तम चाललंय. वरंगलला तेलुगूत गेलंय. तिथल्या सल्लागारानं विचारलंय, काळीच पाहिजे का.

शरणम्मा : अय्यो शिवा!

श्रीशैल : अक्का, चुकून झालंय.

शरणम्मा : आमच्या शिवकुमारला बी गेलं. पुण्याला. दिवाळीपासनं पोराचा फोन न्हाई. परवा आला. मला वाटलं, आईची याद आली. तर म्हनतोय, अव्वा, खोलीतल्या पोरांनी पत्र वाचलं आन मला म्हशीवाला म्हनायलेत, श्रीशैलमामाला सांग तेवढं. ठेवला फोन.

श्रीशैल : सुधारानी, आत्ताच्या आत्ता काढ ते सगळ्यांच्या कपाटातनं.

सुधारानी : काढता येत नाही. टाकायला कुणीही टाकू शकतं, काढायचा अधिकार फक्त हेड ऑफिसचा. मी कालच फोन केला होता.

श्रीशैल : मग?

सुधारानी : अभिनंदन म्हणाले. कंपनीच्या पत्रांना आजवर कुणी उत्तरच देत नव्हतं. ह्याला पोत्यानं येतायत. त्यांनी त्याला ‘आदर्श पत्र’ असं नाव देऊन सगळ्यात वर ठेवलंय. पुढच्या महिन्यात हैदराबादला ट्रेनिंग आहे, विषय ‘गुडघ्यातून विश्वासाकडे’. तुम्हाला भाषणाला बोलावलंय.

श्रीशैल : मला? स्टेजवर?

शरणम्मा : आरं तम्मा!

श्रीशैल : न्हाई न्हाई, अक्का. सहज इचारलं.

शरणम्मा : सहज इचारलंस. तोंड बघ कसं फुललंय.

श्रीशैल : पर अक्का, खरं सांगा. येक पत्र हो ते. चार लोकांना बरं वाटलं, तर त्यात तुमचं काय गेलं?

शरणम्मा : माझं काय गेलं? ऐक मग. दर उगादीला मी तुझं कार्ड बसवण्णाच्या कट्ट्यावर नेत हुते. शाळेच्या मास्तरीणबाईकडनं वाचून घेत हुते, मोठ्यानं. मल्लव्वाची पोरं हैदराबादला. तिला टीव्ही आला, मिक्सर आला, आता कपडे धुवायचं यंत्र आलंय, त्यात ती ज्वारी ठेवती. निलम्माचा जावई दुबईला. तिच्या घरात अत्तराचा वास मावंना. माझ्या घरात काय यायलंय? कार्ड. बीदरचा माणूस माझी इचारपूस करतोय, ही येक गोष्ट गावात माझ्या येकलीकडं हुती. परवा मल्लव्वा सगळ्या बायकांम्होरं म्हनली, शरणम्मा, इतकी वर्सं तू आमचंच पत्र वाचून दावत हुतीस की गं! समद्या हसल्या. त्या दिवसापासनं मी कट्ट्यावर पाय ठेवला न्हाई.

श्रीशैल : मल्लव्वा तशीच हाय वो.

शरणम्मा : मल्लव्वाचं सोड. माझं मला परत दे.

सुधारानी : सर, एक करता येईल. शेअर्डमधलं काढता येत नाही, पण त्याची कॉपी पर्सनलमध्ये घेता येते. फक्त आज्जींच्या नावानं. त्याचं नाव तेवढं सिस्टीम स्वतः देते. ‘आदर्श पत्र, प्रत एक’.

शरणम्मा : माझंच पत्र, आन मला त्याची प्रत?

सुधारानी : सिस्टीम तसंच दाखवते, आज्जी.

शरणम्मा : तुझ्या सिस्टीमला सांग, मी लाथ खाल्ली तवा ती जल्मली बी नव्हती.

सुधारानी : कसली लाथ?

श्रीशैल : म्हशीची. मी डोळ्यानं बघितलीय. पंच्याण्णव साल. तवा मी सल्लागार नव्हतो, नुसता इमा एजंट. लुना घेऊन कमठाण्यात फिरायलो, तर कुनी वट्ट्यावर टेकू देईना. इमा म्हनलं की म्हनायचे, आमच्या मरनाची वाट बघायलास व्हय? अक्काच्या दारात आलो, तर म्हैस अडलेली. अक्का म्हनल्या, तुझं काय असंल ते मागनं, आधी रेडकाचा पाय धर. नवीन शर्ट हुता माझा. वढलं रेडकू. तेवढ्यात म्हशीनं अक्काच्या गुडघ्यावर अशी लाथ घातली की अक्का भितीला जाऊन टेकल्या. तसल्या गुडघ्यानं त्यांनी मला दही-भाकर वाढली, आन माझ्याकडनं पयली पॉलिसी घेतली. त्या उगादीला मी कार्ड टाकलं.

शरणम्मा : शाईचं. कोपऱ्यात हळद लावून.

श्रीशैल : सुधारानी, काढ ती प्रत. नावाचं बघू फुडं.

सुधारानी : काढली. आज्जी, पर्सनलमध्ये ठेवायचं तर माहिती आजची लागते. एकदा तपासून घेऊ. काळी म्हैस व्याली का?

शरणम्मा : म्हैस काढ त्यातनं.

सुधारानी : का?

शरणम्मा : न्हाई ती. मरून लई वर्सं झाली.

श्रीशैल : अक्का! दरसाल तुमचा जबाब यायचा की. गेल्या सालाला रेडी झाली म्हनून कळवलंत. त्याच्या आदल्या साली बी रेडी.

शरणम्मा : तू इचारायचास. येवढ्या हौसेनं इचारतोस, मेली म्हनून कसं कळवू? उगादीच्या दिशी?

सुधारानी : ती सगळी रेडकं मी नोंदवलीयत, सर. सिस्टीमप्रमाणे आज्जींचा मोठा गोठा आहे. हेड ऑफिसचं म्हणणं आहे, तुम्ही त्यांना दूध डेअरीची योजना सुचवावी.

श्रीशैल : म्हैस काढ.

सुधारानी : काढली. उजवा गुडघा तर ठेवायचा ना?

शरणम्मा : डावा.

श्रीशैल : काय?

शरणम्मा : लाथ डाव्याला लागली. तू समोर हुभा हुतास. तुझ्या उजव्या अंगाला दिसला, तू उजवा लिवलास.

श्रीशैल : आन इतक्या वर्सांत तुम्ही येकदा बी बोलला न्हाईत?

शरणम्मा : कसं बोलू? पयल्याच सालाला कट्ट्यावर मोठ्यानं उजवा वाचला गेला. मग बायकांम्होरं डावा पाय वढत कशी जाऊ? तवापासनं उजव्यानं लंगडते. आता तो बी दुखाय लागलाय.

सुधारानी : गुडघा काढला. सर, आता नुसतं ‘तब्येत जपा’ राहिलंय. ते तर हप्त्याच्या पावतीवरसुद्धा छापलेलं असतं.

श्रीशैल : राहू दे, सुधारानी. बंद कर ते. अक्का, चूक हिची न्हाई. हेड ऑफिसची बी न्हाई. पयली काई सालं मी हातानं लिवलं, ते बी आदल्या सालाचं आठवून. मग यंत्र आलं, त्यात घालून ठेवलं. कमठाणा हितनं किती लांब हाय? येकदा येऊन बघितलं असतं तर गोठा खाली दिसला असता. साचा मीच पाडला तुमचा.

शरणम्मा : ते मला म्हाईत हाय.

श्रीशैल : म्हाईत हाय?

शरणम्मा : मास्तरीणबाई पाकीट न फोडताच वाचायच्या. तोंडपाठ झालतं त्यांना. कट्ट्यावरच्या बायकांना बी. मला काय कळत न्हाई व्हय, तम्मा? पर साचा असला तरी माझ्या येकलीचा हुता.

श्रीशैल : अक्का, मग आता इचारतो. कार्डात न्हाई, तोंडानं. कसं चाललंय तुमचं?

शरणम्मा : हितं नगं इचारूस. त्या पोरीची बोटं बघ, तयार हायत.

सुधारानी : सवय लागलीय, आज्जी. घेते मागं.

शरणम्मा : आन दाराला कान लावून अर्धा गाव बसलाय. हितं बोलले की गुलबर्ग्याच्या पोपटवाल्याला कळायचं.

श्रीशैल : मग काय करू सांगा.

शरणम्मा : ऊठ. कमठाण्याला चल. आत्ता.

श्रीशैल : आत्ता? बाहीर येवढी माणसं बसलीत...

शरणम्मा : ती बी त्याच बशीनं यायलीत. येऊ देत. बघू देत.

सुधारानी : सर, थोड्या वेळानं हेड ऑफिसचा फोन येणार आहे. भाषणात कुठला गुडघा घ्यायचा ते ठरवायचंय.

श्रीशैल : सांग, सर खाजगी कामाला गेलेत. माझी चप्पल कुठाय? हां. अक्का, मी कट्ट्यावर हुभा राहून सांगू का, की पत्र आधी तुमचं हुतं म्हनून?

शरणम्मा : काई सांगू नगंस. तू सांगाय गेलास की मल्लव्वा म्हनंल, पढवून आनलाय. नुसता कट्ट्यासमोरनं माझ्या संगं चालत ये. घाई करू नगंस, तसा बी माझा पाय उचलत न्हाई. मग माझ्या वट्ट्यावर बस. च्या पी. काय इचारायचं ते तिथं इचार.

श्रीशैल : आन मल्लव्वानं बोलावलं तर? आमच्याकडं बी चार घोट घ्या म्हनली तर?

शरणम्मा : तर न्हाई म्हनायचं.